तिन्हींची उजवी बाजू

५ फेब्रुवारी

प्रिय मेहुणेबुवा,

परवा तुम्हाला फोन केला होता. मी विचारलं, रेडिओ ऐकायला हेडफोन घ्यायचा आहे, कोणता घेऊ? तुम्ही म्हणालात, "बरं, बरं." मी पुन्हा विचारलं. तुम्ही म्हणालात, "हो, इकडे सगळे मजेत." म्हणून पत्र लिहितो आहे.

फोनवर आपलं कधी जमलंच नाही. तुमची ताई तासभर बोलायची आणि शेवटी फोन माझ्या कानाला लावायची. मी विचारायचो, "काय म्हणता?" तुम्ही म्हणायचात, "ठीक." की झालं. तिला मध्ये न घेता आपण दोघं आजवर जे बोललो असू, ते एका पोस्टकार्डावर मावेल.

हेडफोनचं कारण असं. ती गेल्यापासून मी घरी रेडिओ चालू ठेवतो. ऐकतोच असं नाही. स्वयंपाकघरात कुणीतरी बोलत असलं की बरं वाटतं. खालच्या मजल्यावर वकीलबाई राहतात. त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि म्हणाल्या, "तुमच्या दुःखाचा मला आदर आहे, पण हवामानाचा अंदाज मला दिवसातून इतक्या वेळा नको आहे." त्यांचं बरोबर आहे.

तुम्ही हॉलना आणि सभांना लाउडस्पीकर भाड्याने देता. आवाजातलं तुमच्याइतकं आमच्यात कुणाला कळत नाही. फार महाग नको, अगदी स्वस्तही नको. मला दिवसभर चष्मा असतो हे धरून सांगा. चष्म्याच्या दुकानदाराला चष्मा काढून बसता येत नाही, गिऱ्हाईक बिचकतं.

ती गेल्यावर तुम्हाला कामं सांगायचा मला तसा हक्क राहिलेला नाही, हे कळतं. सवड असेल तरच.

आपला,
भाऊजी


११ फेब्रुवारी

भाऊजी,

हक्क नाही म्हणे! ताई गेली म्हणून मी काय आता दुसरे भाऊजी शोधायला निघू? पुन्हा असलं काही लिहिलंत तर पत्र आल्या पावली परत येईल.

फोनचं म्हणाल तर आमच्याकडे रेंजचा सगळा आनंदच आहे. लिहीत जा, तेच बरं.

सोबत खोकं पाठवतोय. आत तीन हेडफोन आहेत, तिन्ही मधल्या किमतीचे आणि तिन्ही ओपन-बॅक. म्हणजे कानावरच्या वाट्यांना मागून झाकण नसतं, जाळी असते. बंद हेडफोन म्हणजे दारं-खिडक्या लावलेला हॉल. आवाज आतल्या आत घुमतो आणि थोड्या वेळाने माणूसही घुमायला लागतो. ओपन-बॅक म्हणजे खिडक्या उघडलेल्या. बोलणारा डोक्यात न बसता समोर खुर्ची टाकून बसतो. तुम्हाला स्वयंपाकघरात कुणीतरी हवंय ना? मग हाच प्रकार हवा.

काळा आहे तो प्लास्टिकचा, मखमली उश्यांचा. राखाडी धातूचा, अंगावरून गाडी गेली तरी गाडीचंच नुकसान. आणि लाकडी वाट्यांचा जो आहे त्याच्याकडे नुसतं बघूनच माणूस भुलतो. पुरवठादार माझा जुना आहे. मार्चअखेरपर्यंत एक ठेवायचा, बाकीचे परत. तुम्ही वापरा, मग माझ्याकडे पाठवा, मी ऐकतो, मग पुन्हा तुमच्याकडे. दोन कानांपेक्षा चार कान बरे.

आणि ते 'मेहुणेबुवा' काय लावलंय? वाचताना मला दाढी फुटल्यासारखं वाटतं. ताई मला चारचौघांत भोंगा म्हणायची. तुम्हाला ते जमणार नाही, माहीत आहे. तरी सांगून ठेवतो.

तुमचा,
भोंगा


२० फेब्रुवारी

प्रिय मेहुणेबुवा,

खोकं मिळालं. तुमचं पत्र त्यात पार तळाशी, कागदाच्या चुरगळ्यांखाली होतं. ते मला आज सापडलं. त्यामुळे दरम्यान जे घडलं ते सांगून टाकतो.

तिन्ही हेडफोनच्या पाठीमागे भोकं दिसली. मला वाटलं, झाकणं वाटेत पडली. तुमच्यावर पुन्हा बोजा नको म्हणून मी काच पुसायचं कापड गोल कापून भोकांवर बसवलं आणि चिकटपट्टी लावली. काळ्यावर निळं, बाकीच्यांवर पिवळं, कारण निळं संपलं. राखाडी घालून दुकानात बसलो होतो. एक बाई नंबर तपासायला आल्या. मी त्यांच्या डोळ्यात पाहायला वाकलो तर त्या दचकल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या डोक्यातून बातम्या येतायत." चिकटपट्टी सुटली होती. मी म्हटलं, "हो, येतात." दुसरं काय म्हणणार?

आता कापड काढलं आहे. थोडा गोंद राहिला आहे, त्याबद्दल क्षमस्व.

सोयीचं सांगतो, तेवढं मला कळतं. चष्म्याची काडी कानामागे टेकायला हवी, रुतता कामा नये. राखाडी ती काडी डोक्यात रोवतो. काढल्यावर कानामागे पन्हळ उमटली होती. फ्रेम असती तर गरम करून वाकवली असती. सध्या तो चष्म्याच्या डब्यांच्या चळतीवर ताणून ठेवला आहे. लाकडी दाबत नाही, पण जड आहे. मान आपोआप खाली जाते. आरशात पाहिलं तर मी फार खोल विचारात असल्यासारखा दिसत होतो, प्रत्यक्षात क्रिकेटचा स्कोअर चालला होता. शिवाय त्याच्या उश्या रेग्झिनच्या आहेत, कान घामेजतात.

काळा घातल्याचं विसरायला होतं. हे मी अनुभवाने सांगतो. तो घालून मी दूध आणायला गेलो, वायर पाठीमागे लोंबत होती. जिन्यात वकीलबाई भेटल्या. त्यांनी वायर उचलून माझ्या हातात दिली.

आवाजाबद्दल मी काय सांगणार? तिन्ही तुमच्याकडे पाठवतो.

आपला,
भाऊजी


२७ फेब्रुवारी

भाऊजी,

ओपन-बॅकला ठिगळ! उद्या खिडकीला पलिस्तर कराल. गोंद काढायला माझी सकाळ गेली आणि तुमच्या वहिनीची नखं. त्यात मी हसलो, म्हणून ती माझ्यावर रुसली.

आता आवाज. माझ्याकडे एक ध्वनिमुद्रण आहे, एका हॉलमधल्या नुसत्या टाळ्यांचं. आजवर प्रत्येक यंत्र मी त्यावर पारखलंय. वाईट यंत्रावर टाळ्या म्हणजे कढईत पाणी पडल्यासारखा चर्र आवाज. चांगल्यावर हात न् हात वेगळा ऐकू येतो.

लाकडी गोड आहे, पण लबाड आहे. खालचे सूर फुगवतो. त्यातून ऐकलं की प्रत्येक माणसाला सर्दी झालीय असं वाटतं. राखाडी स्वच्छ आहे. इतका स्वच्छ की 'स' आणि 'श' सुईसारखे टोचतात, बातम्या देणारी बाई रागावल्यासारखी वाटते. काळा मधला. खालचे सूर जरा हडकुळे, पण हॉल मोठा वाटतो, माणसं आपापल्या खुर्चीवर दिसतात.

मात्र एक मोठी भानगड आहे. तिन्हींची उजवी बाजू मंद आहे! डावीकडचे लोक हात लाल होईस्तोवर टाळ्या पिटतायत आणि उजवीकडचे हात खिशात घालून बसल्यासारखे. एकाचं बिघडलं तर समजू शकतो. तिन्हींचं? पुरवठादाराला दोन पानी पत्र लिहिलंय, फारसं सभ्य नाही. तुम्ही पण तपासा. टाळ्यांची प्रत सोबत आहे.

तुमचा,
भोंगा

ता. क. पाकीट मी चिकटवते आहे, म्हणून दोन ओळी. तुम्ही दोघं हेडफोन निवडताय की घराला सून? मी जेवायला दहा हाका मारते आणि हे टाळ्या ऐकत बसतात. हेडफोन काढून ठेवला तरी तेच. — वहिनी


६ मार्च

प्रिय मेहुणेबुवा,

टाळ्या ऐकल्या. तिन्हींत दोन्ही बाजू मला सारख्याच वाटतात. तुमच्यापुढे माझं मत काय, पण दुकान बंद असताना पुन्हा ऐकून खात्री केली. उजवीकडे, बहुधा मागच्या रांगेत, एक माणूस सारखा खोकतो. त्याचा तुम्ही काही उल्लेख केला नाहीत.

वकीलबाईंना वर बोलावलं. निष्पक्ष मत हवं म्हणून. त्यांनी तिन्ही घालून पाहिले. त्यांच्या केसांच्या पिनेत लाकडी अडकला, तो सोडवेपर्यंत चहा गार झाला. त्यांनाही दोन्ही बाजू सारख्या ऐकू आल्या. खोकणाऱ्याबद्दल त्या म्हणाल्या की त्याला कुणीतरी बाहेर न्यायला हवं होतं.

असं करून पाहा. हेडफोन उलटा घाला, उजवी वाटी डाव्या कानावर. वाटीत दोष असेल तर मंद बाजू डावीकडे येईल. नंबर पाहताना मी काचा अशाच अदलाबदल करतो.

बाकी आणखी काही कसोट्या सुचल्या. हेडफोन घालून भांडी घासता येतात का, वाकल्यावर पडतो का, चावताना स्वतःच्या दातांचा आवाज किती येतो. टोस्टवर प्रयोग चालू आहेत. घाईने निर्णय घ्यावा असं मला वाटत नाही. खोकं पाठवतो.

आपला,
भाऊजी


१३ मार्च

भाऊजी,

उलटा घातला. पहिल्या चार टाळ्यांतच कळलं आणि काढून ठेवला, तरी उजवीच मंद! सरळ घाला, उलटा घाला, उजवीकडचे लोक ढिम्म. म्हणजे दोन्ही वाट्या बिघडलेल्या, आणि ज्या कुठल्या वाटीला उजवीकडे बसवू ती नेमकी तेव्हाच बिघडते. असला माल माझ्या आयुष्यात पाहिला नाही. पुरवठादार म्हणतो, "साहेब, तुम्ही एकदा शांत डोक्याने ऐका." मला! आवाजाच्या धंद्यातल्या माणसाला!

आणि खोकणारा कसला? ते ध्वनिमुद्रण मी माझ्या ऐन उमेदीपासून वापरतोय. त्यात कुणी खोकत नाही. तुमच्या वकीलबाईंना सांगा, साक्ष देताना जपून.

पुरे झालं. तिन्ही परत पाठवून टाकतो. तुम्ही बाजारात जाऊन कुठलाही एक उचला. माझ्याकडून विषय संपला.

भोंगा


२० मार्च

प्रिय मेहुणेबुवा,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. पाचव्यांदा जसं होईल तसं पाठवतो.

दुकानात पुष्कळदा एखादा गृहस्थ येतो आणि म्हणतो, तुमच्या तक्त्याची खालची ओळ पुसट छापली आहे. मी म्हणतो, हो, छापखाना हल्ली हयगय करतो. मग त्याच्या डोळ्यापुढे काच धरतो. ओळ ठळक होते. तो म्हणतो, आता कशी नीट छापली! मी म्हणतो, हो. पैसे देताना तो मला तक्ता बदलायचा सल्ला देतो. मी तोही ऐकून घेतो. त्यात कमीपणा कुणालाच नाही. डोळे आहेत, दमतात.

तुमच्यापुढे धरायला माझ्याकडे काच नाही, म्हणून सरळ लिहितो. हेडफोन तिन्ही चांगले आहेत. खोकणारा आहे.

मला एक गोष्ट आत्ता कळली. तुमची ताई तुमच्याकडे आली की नेहमी तुमच्या उजव्या हाताला बसायची. आधी कुणी बसलेलं असलं तर त्याला उठवायची. मला वाटायचं, तुमच्या घरची पद्धत असेल; ती त्या बाजूची राखण करत होती. तुम्ही फोन उजव्या कानाला धरता, आणि ती त्यावर इतकं ओरडायची की मी म्हणायचो, अगं, फोन कशाला, खिडकीतूनच बोल. आणि मी तुम्हाला काही विचारलं की तेच ती तुमच्याकडे वळून मोठ्याने पुन्हा विचारायची. मला वाटायचं, माझा आवाज तिला पसंत नाही.

ती मला यातलं एक अक्षर बोलली नाही. तुम्हालाही बोलली नसावी. तिने जे झाकून ठेवलं ते मी हेडफोनच्या नादात उघडं पाडलं. राग आला असेल तर तो रास्त आहे.

माझ्या दुकानाला लागून कानाच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. त्यांचा चष्मा माझ्याकडचा आहे. गुपचूप होईल.

विषय संपला असं तुम्ही लिहिलंत. तो संपला तर तुम्हाला लिहायला माझ्याकडे दुसरा विषय नाही, एवढंच.

आपला,
भाऊजी


५ एप्रिल

भाऊजींना नमस्कार,

उत्तर आलं नाही म्हणून तुम्ही काळजीत असाल. हे फुगून बसले आहेत. पत्र वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि मला म्हणाले, "भाऊजी चष्मे विकतात, त्यांना आवाजातलं काय कळतं?" मग टाळ्या लावून बसले. मी जवळ जाऊन डाव्या कानाशी विचारलं, "खोकतोय का कुणी?" तर म्हणाले, "तू पण त्यांच्याच बाजूची."

खोकणारा मला लग्न झाल्यापासून ऐकू येतो. मी मुद्दाम बोलले नाही. ताईंनी मला पहिल्याच वर्षी बाजूला घेऊन सांगितलं होतं: "ह्याला उजवीकडून काही सांगायचं असलं तर डावीकडून सांग. आणि कळू देऊ नकोस, आवाजाचा धंदा आहे त्याचा." म्हणून पाकिटात सुद्धा मी आडूनच लिहिलं.

हेडफोन परत गेलेले नाहीत. मुदत टळून गेली. रोज कपाट उघडतात, बघतात, बंद करतात. आता घरात ह्यांना भोंगा म्हणणारं कुणी उरलं नाही. मी म्हणून पाहिलं तर म्हणाले, "तुझ्या तोंडी शोभत नाही."

तुम्ही लिहिणं थांबवू नका. टोस्टचं काय झालं ते तरी कळवा.

वहिनी


१२ एप्रिल

भाऊजी,

आज सकाळी डावा कान उशीत दाबून झोपलो होतो. ही उठवायला आली होती म्हणे. खांदा हलवला तेव्हा कळलं. किती वेळ हाका मारतेस, विचारलं. तिने गार झालेला चहा पुढे केला. त्यावरून समजलो.

मग दोन्ही वाट्या एकामागून एक डाव्या कानाला लावल्या. खोकतो. चांगला दणकून खोकतो. इतकी वर्षं तो बिचारा मागच्या रांगेत खोकतोय आणि मी त्याला सभागृहातच धरला नाही. पुरवठादाराला माफीचं पत्र टाकलंय, शिव्यांपेक्षा ते लिहायला जड गेलं. तिन्ही हेडफोन त्याने पदरात घातले, तो दंड समजा.

ताई बाजूला बसून सांगायची, "ते विचारतायत, परतीची गाडी कधी आहे." मला वाटायचं, तिला तुमचं कौतुक, म्हणून तुमचा शब्द न् शब्द घोळवते. मी चिडवायचो पण तिला. ती नुसती हसायची. भलतीच पक्की होती हो.

चार कान म्हणालो होतो, तीनच निघाले. शनिवारी येतो. डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवा. मात्र बाहेर कुणाला कळता कामा नये, आवाजवाल्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर लोक मला लग्नात सुद्धा बोलावणार नाहीत. हेडफोन तिन्ही घेऊन येतो. तुम्ही कुठला ठेवणार ते एकदाचं सांगा. आणि टोस्टचं काय झालं?

भोंगा


१६ एप्रिल

प्रिय भोंगा,

लिहून पाहिलं. हात अडखळला, पण जमलं.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं आहे. त्यांनी विचारलं, "कोण आहेत ते तुमचे?" मी म्हटलं, "मेहुणे." त्यांनी लिहून घेतलं. त्यांना त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. मला बरं वाटलं.

टोस्टच्या कसोटीत लाकडी नापास झाला. चावलं की रस्त्याचं काम चालल्यासारखं वाटतं. राखाडीत चावण्यापेक्षा कान जास्त दुखले. मी काळा ठेवतो. खालचे सूर हडकुळे आहेत हे तुमचं बरोबर आहे, पण मीही काही धष्टपुष्ट नाही. राखाडी तुम्ही घ्या, तुमच्या डोक्याला तोच टिकेल. लाकडी वकीलबाईंना द्यावा असं म्हणतो. त्यांनी विचारलं नाही, पण पिनेतून सोडवताना त्या तो सोडत नव्हत्या.

काळा ठेवण्याचं खरं कारण वेगळं आहे. तो घालून मी बातम्या ऐकत असलो तरी घर ऐकू येतं. किटली, जिना, दार. आधी मला तो दोष वाटला होता आणि मी त्याला ठिगळ लावलं होतं.

शनिवारी तुमच्या उजव्या हाताला मी बसेन. माझा आवाज लहान आहे, पण सराव चालू आहे. काल वकीलबाई वर येऊन विचारून गेल्या की मी कुणाशी भांडतोय. तुम्ही येताय असं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "दोन दिवस चालवून घेईन."

एक विनंती. घंटा वाजली की नाही ते कळत नाही म्हणून तुम्ही बटण दाबून धरता. पूर्वी ती धावत जाऊन उघडायची आणि मी म्हणायचो, काय हा धसमुसळेपणा. आता एकदाच दाबा आणि उभे राहा. मला ऐकू येईल.

तुमचा,
भाऊजी